लाल तार मेनमागे घेतल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, व्यवसाय महाविद्यालयात ग्रंथपाल, राहणार धक्क्यामागील गल्ली, दुसरा मजला, आज रविवार दि. २९ रोजी पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून समक्ष सांगते की,

मी व माझे धाकटे दीर, आम्ही मिळून प्रवासी फेऱ्यांसाठी एक बावीस वर्षांची जुनी बोट घेतली. मंगळवार दि. २४ रोजी सकाळी ती धक्क्याला बांधलेल्या जागीच बुडालेली आढळली. दिरांनी त्याबद्दल बोटीचे वायरिंग करणाऱ्या वायरमनविरुद्ध तक्रार दिली आहे. वायरमनचे वय सत्तरच्या आसपास असून धक्क्यावर सगळे त्यांना शॉकनाना म्हणतात. बोट त्यांच्या चुकीने बुडाली, ही तक्रारीतील मुख्य गोष्ट खरी नाही. ते मला माहीत आहे.

बोटीतले वायरिंग सगळे गुंतलेले होते. दर रविवारी नाना एकेक तार हलक्या हाताने ओढत, मी दुसऱ्या टोकाला कोणती हलते ते पाही आणि वहीत नंबर घाली. त्रेचाळीस तारा निघाल्या. त्यांतल्या अकरा कुठेच जात नव्हत्या. "ताई, ह्या माणसाने वायरिंग केलंय की कुणावर सूड उगवलाय?" असे नाना म्हणाले होते.

रविवार दि. ८ रोजी एक लाल तार सापडली. ती मेन स्विचला न जाता थेट बॅटरीतून निघत होती. तिच्यावर कापडी पट्टी होती व पट्टीवर मागच्या मालकाने बॉलपेनने "राहू दे" असे लिहिले होते. नाना म्हणाले, "कुठं जाते ते कळेपर्यंत हिला हात नको. पुढच्या रविवारी बघू."

गुरुवार दि. १२ रोजी दुपारी मी एकटीच बोटीवर गेले. मी वायरिंगची आकृती काढत होते आणि ती एकच रेघ चौकटीबाहेर जात होती. "राहू दे" याचा अर्थ मी, कंटाळून अर्धे टाकलेले काम, असा घेतला. मी तार सोडवली व इतरांसारखी मेन स्विचमागे जोडली. पट्टी काढून टाकली. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत "आता आकृती स्वच्छ" असे वाक्य आहे. ते पान सोबत देत आहे.

रविवार दि. १५ रोजी नानांनी विचारले, "त्या लाल तारेचं काय झालं?" मी म्हणाले, "झालं ते." मी केले असे म्हणाले नाही. ते म्हणाले, "म्हणजे मीच केलं असणार. डोकं कुठं असतं हल्ली." मी पुढच्या तारेचा नंबर सांगितला.

त्याच रविवारी वायरिंगचे काम संपले; तोवर मेन स्विच चालूच असे. शनिवार दि. २१ रोजी संध्याकाळी मी स्वतः तो बंद करून बोटीला कुलूप लावले. ती लाल तार बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाची होती. बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याजवळून जुन्या बोटीत थोडे थोडे पाणी येतच असते. ते वाढले की पंप आपोआप सुरू होई. मेन बंद असल्याने तो सुरू झाला नाही. मागच्या मालकांना मी परवा फोन केला. ते म्हणाले, "अहो, राहू दे म्हणजे तिथंच राहू दे. माणूस घरी गेला तरी पंप जागा पाहिजे ना."

मंगळवारी धक्क्यावर दिरांनी सर्वांसमोर नानांना सुनावले, "हातून होत नव्हतं तर सांगायचं होतंत." नाना म्हणाले, "असेल बाबा. चुकलं असेल." तसे त्यांनी कागदावर लिहूनही दिले. मी दोन हात अंतरावर उभी होते. दीर मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

आपण विचारल्यावरून सांगते की, पाच दिवस गप्प राहण्यास मला कोणी सांगितले नव्हते. दिरांची भीती वाटली असे म्हणता येईल, पण ते पुरेसे खरे नाही. नानांनी चूक इतक्या सहज स्वीकारली की ती त्यांचीच वाटू लागली. काल कळले की दोन बोटमालकांनी त्यांना कामावरून परत पाठवले आणि त्यांनी आपली हत्यारांची पेटी भाच्याला देऊन टाकली. नानांनी लिहून दिलेला कागद खोटा नाही. त्यांना तसे खरेच वाटते. म्हणून माझा हा जबाब त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती. दिरांना मी आज घरी जाऊन सांगणार आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. त्यात "तार नजरचुकीने जोडली" असे त्यांनी चांगुलपणाने घातले होते. त्यातला "नजरचुकीने" हा शब्द मी खोडायला लावला असून खाडाखोडीशेजारी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व बरोबर आहे.