कोरी मतपत्रिका

"हॅलो?… कोण?… नोरीन! अगं, मी आत्ता तुम्हालाच… हो, बघितलं. टीव्हीसमोरच बसलोय… हो. दोनशे त्र्याण्णव… एक. एकच मत कमी… रडू नकोस गं… बरं, रड."

नॉर्बर्ट विचोरेकने टीव्हीचा आवाज बंद केला. मिलवॉकीच्या वर्तमानपत्रात चौतीस वर्षं बेसबॉलवर लिहून तो निवृत्त झाला होता. पगार थांबला, तरी हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनासाठी मत द्यायचा अधिकार अजून शिल्लक होता, आणि दर डिसेंबरला तो हे काम पाद्र्याच्या गांभीर्याने करत असे. समोर संगणकावर उद्याच्या अंकातला त्याचा लेख उघडा होता: 'मी कोरी मतपत्रिका का पाठवली'. लेख नऊशे शब्दांचा होता आणि त्यात नोरीनच्या नवऱ्याचं नाव एकदाही आलं नव्हतं.

"वेंडेल कुठंय?… गॅरेजमध्ये? या थंडीत?… गाडीत बसलाय? गाडी बंद आहे ना? बघ एकदा… नाही गं, तसं काही नाही, सहज विचारलं… बंद आहे? मग बसू दे थोडा वेळ… कोण, चर्चची मंडळी? किती जण?… चाळीस! आणि केक… त्याच्या चेहऱ्याचा केक? अगं पण निकालाआधी कशाला… हो, खरंय, पंचाहत्तर टक्के लागतात, ऐंशी मिळणार असंच सगळे म्हणत होते. मीही तेच धरून… काही नाही. मीही तेच म्हणत होतो… मग कापा आता… नाकावर सुरी कोणी चालवायची म्हणून अडलंय? पाद्रीबाबांना सांग, त्यांना सवय असते असल्या प्रसंगांची."

तो उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला.

"टँकचा फोन आला होता? टँक मॉरोचा?… तुमचं सांत्वन करायला? त्याला स्वतःला चौतीस टक्केच मतं मिळालीत!… रडला? टँक?"

टँक मॉरोने सहाशे अकरा होमरन मारले होते, म्हणजे तितक्या वेळा चेंडू थेट मैदानाबाहेर. त्याचे दंड इतरांच्या मांड्यांएवढे होते, आणि ते कशाने झाले हे सरकारी चौकशीत उघड झालं होतं. नोरीनचा नवरा, वेंडेल ओक्स, त्याच संघात दुसऱ्या बेसवर उभा राहायचा. सतरा वर्षं खेळला. स्टिरॉइडच्या कुठल्याही यादीत त्याचं नाव नव्हतं.

"अगं ऐक ना, नोरीन, मला तुला एक सांगायचंय… हो… हो, माहितेय, तो म्हणतो की कोणी नाही तरी नॉर्बने… अगं ऐक तर… नको, त्याला देऊ नकोस फोन! आत्ता नको. जरा सावरू दे त्याला… नोरीन? बाहेर जाऊ नकोस, घसरशील, बर्फ आहे… नोरीन!"

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. चेंडू हातातून सुटलेल्या पोरसवदा खेळाडूंना सामना संपताक्षणी गाठून 'आता कसं वाटतंय?' असं विचारण्यात नॉर्बची हयात गेली होती. ते कसं वाटतं, हे त्याला आता गाडीचं दार उघडेपर्यंतच्या वेळात नीट कळलं.

"वेंडेल… हो रे… हो. काय बोलणार आता… ऐकतोय ना, बोल… पाच? हो, जाहीर केलंय त्यांनी. पाच कोऱ्या आल्या… सही करून पाठवली की मोजणीत धरतात. कोरी म्हणजे सगळ्यांना नाही. तुलाही नाही… गाढव? हो, म्हणायला हरकत नाही… तेही म्हण… अरे, आईवर कशाला जातोस. बिचारी वारली… म्हणजे, त्यातल्या कोणाची तरी वारली असेल."

गप्प बसलं तर सकाळपर्यंत निभावेल, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. सकाळी मात्र लेख छापून येणार होता, फोटोसकट.

"वेंडेल, जरा थांब. त्या पाचांतला एक मी आहे… मी म्हणजे मी. नॉर्ब… हसू नकोस रे. थट्टा करत नाहीये मी… वेंडेल?… आहेस ना?"

पलीकडे गाडीचं दार धाडकन आपटलं, आणि मग वेंडेलने कारण विचारलं.

"टँकसाठी रे. टँक आणि त्याच्यासारखे ते बाकीचे. मी ठरवलं, या काळातल्या कोणालाच नको. सुया टोचून घ्यायच्या आणि वर पितळी पाटी मिळवायची, पोराबाळांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो… हो. हो, मीच लिहायचो. 'देवाने सवडीने घडवलेला माणूस', माझंच वाक्य आहे ते… तेव्हा माहीत होतं का?… होतं. थोडंसं… बरं, पुरतं माहीत होतं. औषधाची बाटली त्याच्या कपाटात उघड्यावर असायची. मी पाहिली, तू पाहिलीस, टॉवेल धुणाऱ्यानेही पाहिली… का नाही लिहिलं? अरे, त्याने होमरन मारला की सकाळी नऊनंतर अंक मिळायचा नाही गावात! कोण लिहिणार?"

हे वाक्य आपल्या लेखात नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"काय?… तू टँकला मत दिलं असतंस? तू?… नाही, ऐकतोय मी… हो, चेंडू त्यानेच मारले, सुईने नाही मारले… हो, समोरचे गोलंदाजही टोचून घेत होते… हॉलच्या भिंतीवर आहेत ना, दारुडे आहेत, बायकांना मारणारे आहेत. ते तेव्हाचं… मान्य, मान्य. टँकच्या पाटीवर खाली खरं काय ते लिहा आणि लटकवा ती भिंतीवर, असं म्हणतोस… अरे, पण मग प्रामाणिकपणे खेळलेल्याला काय… हो. प्रामाणिक खेळलेल्याला मी काय दिलं, ते कळलं मला."

त्याने कपाळ टेबलाला टेकवलं आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"तुझ्या नावापुढे खूण आणि बाकी कोरं?… करता आलं असतं. कोणी अडवलं नव्हतं… का म्हणजे… मला वाटलं, तू जाणारच आहेस आत. ऐंशी टक्के म्हणत होते, माझं एक नसलं तर काय बिघडतंय… आणि खूण केली असती तर ती कोरी राहिली नसती ना… लेख. लेखाचं शीर्षकच तसं… हो. शीर्षकासाठी. शीर्षकासाठी, वेंडेल!… उद्याच्या अंकात. मागे घेतो. आत्ता कचेरीत फोन करतो, पान थांबवतो. पहिल्या पानावर लिहितो की मी मूर्ख… भरून निघणार नाही, माहितेय. दहावं, शेवटचं वर्ष होतं, माहितेय रे, आता यादीतून नावच जाणार… जुन्या खेळाडूंसाठी ती वेगळी समिती असते ना, तीन-चार वर्षांनी बसते, मी एकेकाच्या पाया पडतो… नाही, नाही, कीव नाही ही. वेंडेल, काय करू सांग. तू म्हणशील ते करतो… विचार. काहीही विचार… नुसतं हो की नाही? चालेल."

प्रश्न छोटा होता. पत्रिका टँकमुळे कोरी सोडली, हे कळलं. पण माझ्या नावावर बोट आलं तेव्हा, नॉर्ब, माझ्याबद्दल तुझ्या मनात कधी शंका आली होती का?

दोन हजार एक साल. वेंडेल चौतिशीला आला होता. त्याआधी कुठल्याही मोसमात त्याने बारांहून जास्त होमरन मारले नव्हते. त्या वर्षी एकतीस मारले. नॉर्बने लिहिलं होतं, 'कष्टाचं फळ'. त्याच वसंतात, सराव चालू असताना, वेंडेलची मान सदऱ्याच्या गळ्यात मावत नाही असं नॉर्बला वाटलं होतं; मग त्याने स्वतःलाच सांगितलं, हिवाळ्यात माणूस सुटतो. विचारायला शेकडो संधी होत्या. दर शुक्रवारी तो त्यांच्याच घरी तळलेले मासे आणि नोरीनच्या हातची बटाट्याची धिरडी खात होता, आणि तोंडात घास असताना असलं काही विचारायची रीत नव्हती. नंतर पुढच्या मोसमात नऊ होमरन झाले, आणि विषय आपोआप मागे पडला.

हे सगळं आठवायला फार वेळ लागला नसावा. टीव्हीवर बर्फ उपसायच्या यंत्राची जाहिरात संपून विम्याची सुरू झाली, तेवढाच.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही, वेंडेल."

त्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

"हॅलो?… वेंडेल?… ऐकलंस ना?… हॅलो?"

वेंडेलने फोन नक्की केव्हा ठेवला, त्या 'नाही'च्या आधी की नंतर, हे कळायला काही मार्ग नव्हता. बंद फोन कानाशी धरून नॉर्ब पुन्हा एकदा "नाही" म्हणाला. या वेळी अगदी लगेच.