सज्ज्यातल्या तीन टोपल्या

(ठाण्यातल्या एका घराची माडी. माघातली सकाळ. सज्ज्यात भाताच्या पेंढ्याने भरलेल्या तीन टोपल्या, वर हिरवा-पिवळा पाला. कचेरीतला कारकून हरिहर आणि त्याची थोरली विधवा बहीण गोदूबाई.)

हरिहर : आजच, अक्का. उद्या नव्हे. अण्णांनी स्पष्ट सांगितलंय.

गोदूबाई : आठ दिवस मागून घे रे. पाला अजून पुरता पिवळा पडलेला नाही.

हरिहर : मागितले. म्हणाले, "लाकडी सज्जा, खाली माझी चूल, आणि वर तुम्ही पेंढा रचता? घर माझं आहे, हरिहरपंत." घरमालक आहेत, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही.

गोदूबाई : नाही चुकत. पण मी रोज पाणी शिंपडते. पेंढा ओलाच असतो.

हरिहर : अगं, एवढा जीव कशाला अडकवायचा? एकादशीला बाजारातून आणून देईन शेरभर बटाटे.

गोदूबाई : खायला नाही लावले मी.

हरिहर : मग कशाला?

आवडाबाई : (भाताचा पेंढा आणून देणारी शेतकरीण, जिन्याच्या पायऱ्यांवरून) गोदूबाय! पेंढा आनलाय गो. जिन्यात ठेवू?

गोदूबाई : आता नको, आवडा. टोपल्या आजच काढायच्या आहेत. मालक रागावलेत.

आवडाबाई : आन् आतले बटाटे?

हरिहर : तेच विचारतोय मी. खायला नाही तर लावले कशाला, अक्का?

गोदूबाई : कल्याणला सासरी मी परसात घेवडा लावला होता. मांडवावर चढला होता, फुलं धरली होती. पटकीच्या साथीत हे गेले. तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वेल मुळासकट उपटला. म्हणाल्या, "हिनं लावलेलं आता फळायचं नाही."

हरिहर : हे कधी बोलली नाहीस.

गोदूबाई : काय बोलू? मला ते खरंच वाटायचं. अकरा वर्षं वाटत होतं. तुझ्याकडे आले, तुळशीला पाणी घातलं, पण बी म्हणून कधी पेरलं नाही. मग कार्तिकात माळ्यावरच्या पेंढ्यात एक विसरलेला बटाटा सापडला. माती नाही, ऊन नाही, आणि याला बोटभर कोंब! मनात आलं, ह्याला माझा हात लागला तर काय होतं ते बघावं. कुणाला न सांगता. कोंबासकट तीन फोडी केल्या, तीन टोपल्यांत लावल्या. तळाला मूठभर माती, वर पेंढा. पाला वाढेल तसा आणखी पेंढा.

आवडाबाई : मना पन बोलली नाय. मना वाटला, बामनांनी माडीवर गाय बांधली काय!

हरिहर : खरं आहे, मीही कधी विचारलं नाही.

आवडाबाई : माजा पयला दादला मिठागरावर साप चावून मेला. त्या साली भात मीच लावला. पिकला. मंग पाट लागला, दुसरा दादला आला, तरी मीच लावते. भाताला काय ठाव, कपाळावर कुकू हाय का नाय?

गोदूबाई : तुमच्यात चालतं, आवडा.

आवडाबाई : पोटाला चालवाच लागतं, बाय.

हरिहर : अक्का, उघड आता. आपण बघू.

गोदूबाई : कच्चे असतील.

हरिहर : की काहीच नसेल, ही भीती आहे?

गोदूबाई : हो.

हरिहर : मी काढू पेंढा?

गोदूबाई : नको. माझं मी काढते... ही पहिली. शी, चिखल नुसता. सगळं कुजलंय.

हरिहर : पाणी जास्त झालं.

गोदूबाई : पाणी की हात?

आवडाबाई : पानी! माजा भात पन कुजतो पान्यानं. दुसरी बघ.

गोदूबाई : दुसरीत... दोन आहेत. सुपारीएवढे.

हरिहर : आहेत ना पण!

गोदूबाई : थांब, तिसरी बघते. हरी...

हरिहर : काय झालं?

गोदूबाई : इकडे ये. हात लावू नकोस, नुसतं बघ. कसे बसलेत पेंढ्यात, घरट्यातल्या अंड्यांसारखे.

हरिहर : अरे वा! हा तर माझ्या मुठीएवढा आहे. हा बघ, ह्याच्याखाली आणखी!

आवडाबाई : रडतेस कशाला गो?

गोदूबाई : रडू दे जरा.

हरिहर : रड, अक्का. कचेरीला उशीर झाला तर होऊ दे. अण्णांना ताटलीभर नेऊन देतो, आणि विहिरीमागचा मोकळा तुकडा मागतो. तिथे चूल नाही, सज्जा नाही.

गोदूबाई : नाही म्हणाले तर?

हरिहर : पुन्हा मागेन. मघाशी एकदाच मागितलं आणि मुकाट जिना चढून आलो.

आवडाबाई : मना पन दे चार. कोंब आले का माज्या अंगनात लावीन.

गोदूबाई : घे ना. हरी, दे तिला.

आवडाबाई : दादांच्या हातचे नको. तू दे. पदरात घाल.

गोदूबाई : अगं, सवाशिणीच्या पदरात मी कशी घालू?

आवडाबाई : मंग कोन घालंल? लावलेस तू.

गोदूबाई : ...दोन पायऱ्या वर ये. आणि नीट पसर पदर. सांडतील.