आतून आवाज

दाराने ‘खट्’ केलं ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं! दारं कुरकुरतात, धाडकन आपटतात, त्याचं काही नाही हो, पण असं हळूच, समाधानाने ‘खट्’?... मी दचकले. आता मी टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते, त्यामुळे माझ्या दचकण्याला आमच्या संस्थेत कोणी किंमत देत नाही, ते सोडा.

तुम्हाला सांगते, नाटककार मेला चारशे वर्षांपूर्वी आणि जीव जातोय माझा! त्याच्याच गावात राहायचं, त्याच्या नावाच्या बेकरीतला पाव खायचा, त्याच्या नावाच्या दवाखान्यात दाढ काढायची आणि वर त्याच्यावरच पीएच.डी. करायची! बरं, लिहायला ठेवलंय काय कोणी? राजांवर लिहून झालं, विदूषकांवर झालं, भुतांवर झालं, एका बाईने तर नुसत्या कुत्र्यांवर चारशे पानं लिहिली! मला उरलं काय, तर ‘आतून आवाज’. म्हणजे रंगमंचावर न येता विंगेतून नुसती हाक मारणारी माणसं. माझा सिद्धान्त असा, की या हाकेला नाटकात कोणी म्हणजे कोणी उत्तर देत नाही, आणि म्हणूनच ती ऐकणाऱ्याच्या काळजात घुसते.

तर दर गुरुवारी टेबलाभोवती बसून एक अख्खं नाटक मोठ्याने वाचायचं, ही आमच्याकडची रीत. बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी येईल ती भूमिका. माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या रूपर्टला कायम राजा! मला अकरा आठवडे दुसरा नोकर, तिसरा नोकर, एकदा तर प्रेत. आणि या गुरुवारी चिठ्ठी उघडते तर काय... ‘आतून आवाज’!  आणि नेमकी त्याच दिवशी चार वाजता माझी पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा, आणि परीक्षक थॉर्नलीसर न्यूकॅसलहून येऊन वाचन ऐकायला समोरच बसलेले. नापास झाले की पीएच.डी. बंद, बोऱ्याबिस्तरा उचलायचा आणि लीड्सला बाबांच्या दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवायचे!

“ब्रायनी, आतून म्हणजे आतून हं,” आमच्या मार्गदर्शक ॲपलगार्थबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला खुर्च्यांच्या कोठीत घातलं. खट्!

आत अंधार, दाराच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. वळते तर फळीवरून नाटककार स्वतः माझ्याकडे बघतोय! प्लॅस्टरचा, नाक तुटलेला. मी किंचाळले.

“वा! सुरुवात काय झोकात केली!” बाहेरून रूपर्ट.

माझ्या वाट्याच्या तीन हाका मी मारल्या. संपलं काम. दाराची मूठ फिरवते, तर ती आपली नुसतीच गरागरा फिरतेय! फोन? कोटात. कोट? बाहेर, खुर्चीवर! “अहो, दार उघडा! मूठ नुसतीच फिरतेय!”

बाहेर पानांची सळसळ.

“हे माझ्या प्रतीत नाही,” रूपर्ट म्हणाला.

“पाठभेद असणार,” ॲपलगार्थबाई. “कुठली तरी जुनी प्रत धुंडाळलीय पोरीने. मेहनती आहे हो!”

“मूठ फिरते, पण दार उघडत नाही,” थॉर्नलीसर अगदी सावकाश म्हणाले. “म्हणजे सत्ता हातात आहे, उपयोग शून्य. लिहून घ्या रे!”

“सर, मी ब्रायनी! मी खरंच अडकलेय!”

“गद्य! राजे पद्यात बोलतात, ही गद्यात बोलतेय, म्हणजे पात्र खालच्या थरातलं,” थॉर्नलीसर म्हणाले.

बघा! नाटककार मेला चारशे वर्षांपूर्वी, आणि जीव...

तेवढ्यात चर्चच्या घड्याळाचे चार टोले. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. “सर! चार वाजले! माझी परीक्षा!”

 मग सरांचा आवाज, देवळात बोलावं तसा. “ॲपलगार्थबाई... अहो, ही परीक्षाच आहे! ही मुलगी सिद्धान्त सांगत नाहीये, करून दाखवतेय! आपण पाच माणसं इथे बसलोय, ती घसा फोडतेय, एकाने तरी उत्तर दिलं का?”

“नाही हो!”

“काळजात घुसली की नाही?”

“माझ्या घुसली,” रूपर्ट नाक ओढत म्हणाला. रूपर्ट! जो मी प्रेत झाले तेव्हा मला हसला होता!

“पास,” सर म्हणाले.

तुमच्याशी खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी दार विसरले. नाटककाराच्या तुटक्या नाकाचा पापा घेतला! मग भानावर येऊन म्हटलं, “आभारी आहे सर, आता उघडता ना?”

“श्श! कोणी उत्तर देऊ नका! दिलंत की सिद्धान्त मोडला तिचा.”

आणि पाचही जण चवड्यांवर जिना उतरून गेले हो! माझ्या भल्यासाठी!

अर्धा तास मी हाका मारतेय. घसा बसला. शेजारी तो, चारशे वर्षांपूर्वी मेलेला, मजेत. आणि एवढ्यात कपबश्यांचा आवाज. पिमबाई! आमच्या चहाच्या बाई, ज्यांनी त्याची एक ओळसुद्धा वाचलेली नाही, देव त्यांचं भलं करो!

“पिमबाई! मी इथे आत! ब्रायनी!”

पावलं आली. दारापाशी थांबली.

“ऐकतेय गं पोरी, मघापासून ऐकतेय. पण उघडू नका म्हणून बजावून गेलेत सगळे, तुझा प्रबंध मोडतो म्हणे... दाराखालून बिस्किट सरकवू?”