जाळीवरून ओळखलेला ट्रक

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको ताई, तिचा पाय निखळलाय, इकडे बसा, शिलाई मशीनशेजारी. मशीन आता नुसतं नावाला — चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता उरलेले डोळे कॉम्प्युटरपुढे घालवतो. आमची ही म्हणते, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. खोटं नाही ते. पण जुन्या सिनेमातला कुठलाही अमेरिकन ट्रक दाखवा — ते चपट्या तोंडाचे हो, ज्यांत ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावरच बसतो — टपावरचे दिवे, काचेची मधली पट्टी, पुढची जाळी, एवढ्यावरून मी कंपनी आणि साल सांगतो. सिनेमातल्या गाड्या ओळखून त्यांची यादी करणारी आमची वेबसाइट आहे, तिथं माझा शब्द शेवटचा. म्हणजे... होता. तुम्ही कुणाची मुलगी ते दारातच सांगितलंत, म्हणून ही बडबड चाललीय माझी. कळतंय मला.

तुमच्या बाबांनी काय मागितलं होतं? काही नाही. एका जुन्या सिनेमाच्या पानावर लिहिलं होतं, 'पुलावरच्या प्रसंगातला हिरवा ट्रक माझा, चौसष्टचा, शूटिंगला मीच चालवला, यादीत तेवढी नोंद करा.' मी काय केलं? जाळी पाहिली — आडव्या पट्ट्यांची, म्हणजे निदान दहा वर्षं नंतरची — आणि सगळ्यांसमोर लिहिलं, 'आजोबा, ट्रक चालवलात की स्वप्नात पाहिलात?' लोक हसले. खूप हसले. मला — आता तुमच्यापासून काय लपवायचं — बरं वाटलं. बाबांनी पुन्हा लिहिलं, न चिडता, की शूटिंगच्या आदल्या दिवशी फाटकाला धडकून जाळी चेपली, मग भंगारातल्या एका नव्या गाडीची काढून तारेनं बांधली. मी म्हटलं, सगळे असंच सांगतात. हे मी म्हणावं? मी? शेकडो शर्टांच्या विरलेल्या कॉलरी उलटवून दिल्यात मी, एकाच्या शर्टाला दुसऱ्याच्या कापडाची कॉलर लावलीय — कॉलरीवरून शर्टाचं वय सांगणाऱ्याला मी दुकानातून हाकललं असतं. आणि खरं सांगू? ट्रकमध्ये मी जन्मात बसलेलो नाही. पायरीवर पायसुद्धा ठेवलेला नाही.

तुमच्या हातातला तो फोटो त्याच ट्रकाचा ना? बघू... हो, दाराच्या बिजागऱ्या बाहेरून आहेत, जुन्या गाड्यांच्या असतात तशा. सिनेमातही तशाच आहेत. चित्र थांबवलं तर जाळीच्या कोपऱ्यात तारही दिसते. ते परवाच — म्हणजे अलीकडेच — माझ्या लक्षात आलं, म्हटलं आता दुरुस्ती करून टाकू, तेवढ्यात तुम्हीच आलात. थांबा, तुमच्यासमोरच करतो. लिहिलेलं तयार आहे, नुसतं पाठवायचंय. हे बघा, वाचा — 'माझी चूक झाली. ट्रक चौसष्टचाच आहे, आणि तो चालवणारे गृहस्थ—'

काय? कसली तारीख? ती कोपऱ्यातली होय — ते कॉम्प्युटरचं आपलं काहीतरी... नाही. बरोबर आहे ती. मागच्या वर्षीचा मार्च. तार मला मार्चमध्येच दिसली. त्याच दिवशी लिहून ठेवलं आणि पाठवलं नाही. रोज उघडायचो, वाचायचो, बंद करायचो. बाबांचे निरोप तेव्हाही येत होते — 'एकदा बिजागऱ्या बघा साहेब.' साहेब म्हणायचे मला, ट्रक चालवलेला माणूस! मी वाचून गप्प बसायचो. वाटायचं, कंटाळतील आणि सोडून देतील. लाज वाटायची हो, तेव्हाही वाटायची, पण बाबांची नाही — माझ्या बाजूनं हसलेल्या त्या लोकांची वाटायची. तोंड कसं दाखवू त्यांना, असं. त्यातल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलेलं नाही.

बाबा कधी गेले म्हणालात? नोव्हेंबरात?

म्हणजे आठ महिने होते. वाचलं असतं त्यांनी.

रडू नका म्हणायचाही हक्क नाही मला. पाठवतो. हं... गेलं. बघा, लगेच कुणीतरी लाइकचा अंगठा दिला — 'मोठ्या मनाचा माणूस' म्हणे. मोठं मन! चार शिव्या तरी द्या. नको — काहीच बोलू नका. जा तुम्ही. दार नुसतं ओढून घ्या, मला उठवत नाहीये.