बोथट खाच आणि आईचा खुबा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, अर्थात आमच्या कारखान्याच्या मोठ्या मॅडम. व्यासपीठावर बसलेले, माणसांचे झिजलेले खुबे बदलून देणारे डॉक्टरसाहेब. सत्कारमूर्ती, म्हणजे चाचणी विभागाच्या प्रमुख, ज्यांना आम्ही तोंडावरसुद्धा ‘तडेबाई’ म्हणतो त्या आमच्या बाई. आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या सहकारी बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी भट्टीवाला. आम्ही पांढरी पूड दाबून, भाजून सिरॅमिकचे खुब्याचे गोळे करायचे आणि बाईंनी त्याच मालाच्या पट्ट्या मोडायच्या, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. बाईंचे यजमान समोरच बसलेत, हसतायत, म्हणून बोलायचं धाडस करतो.

हा पदार्थ मोठा विचित्र. कठीण इतका की ओरखडा उठत नाही, पण तडा धावला की खेळ खलास. लोखंडासारखं आधी वाकून इशारा देणं वगैरे काही नाही! मग अंगात आधीच बारीकसा तडा असेल, तर हा कितपत दम धरेल? ते कळावं म्हणून बाई पट्टीला मुद्दाम खाच पाडतात आणि मग वाकवून मोडतात. आम्ही जीवापाड जपायचं आणि यांनी पहिली जखम करायची!

एकदा नव्या पुडीच्या मालाचा हा दमाचा आकडा असा काही वर आला, की विभागात टाळ्या पडल्या. तडेबाई तेवढ्या तो आकडा पुन्हा वाचत बसल्या.

म्हणाल्या, “एवढा चांगला का आला?”

अहो, हा काय प्रश्न झाला? माझं डोकंच फिरलं. “बाई, आमचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?”

“बघवतं हो. पण कळत नाही ना!”

आता माझी अडचण सांगतो. माझ्या आईला याच मालातला गोळा बसायचा होता. तारीख ठरली होती. ती खुर्चीतून उठताना ओठ चावायची, आणि मला ते पाहवत नव्हतं. हे मी बाईंना सांगितलं.

“मग तर बघायलाच हवं,” एवढं म्हणून त्या सूक्ष्मदर्शकाला चिकटल्या.

आधी यंत्र तपासलं, मग पट्ट्यांची मापं. शेवटी त्या खाचेच्या तळाशी डोकावल्या आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, “अरे, ही तर गोल आहे!” खाच पाडणारी करवत झिजली होती. शाम्पूची पुडी आठवा. टोकदार चीर असली की चटकन फाटते, तीच चीर तळाशी गोल असली की दातांनी ओढा, फाटत नाही. पुडी तीच, फरक चिरेचा. आमचा माल दणकट नव्हता, खाच बोथट होती.

मग बाईंनी दाढीचं पातं आणलं, त्याला हिऱ्याच्या भुकटीचा लेप लावला आणि खाचेत मागे-पुढे, मागे-पुढे घासत बसल्या. खाचेला धारदार टोक आलं. पट्ट्या मोडल्या. आकडा धाडकन खाली! नवी पूडच कमअस्सल निघाली. सगळा माल बाजूला पडला आणि आईची तारीख पुढे गेली.

मी घरी जाऊन चडफडलो. आईनं शांतपणे विचारलं, “त्या बाईंना स्वतःला तो गोळा चालला असता का?”

दुसऱ्या दिवशी मी विचारलं. बाई म्हणाल्या, “नाही.”

आई म्हणाली, “मग मी थांबते.” आणि थांबली, त्या दुखण्यासकट. मॅडम, त्या वेळी मी बाईंवर फार चिडलो होतो आणि आज मला त्यांच्याबद्दल जे वाटतं, ते मला नीट बोलता येत नाही.

पुढे चांगल्या मालातला गोळा बसला. तेव्हापासून बाई भेटतील तिथे आईला एकच विचारतात, “काकू, चालताना आवाज येतो का हो?” सिरॅमिकचा गोळा बिनसला की कधीकधी चालताना करकरतो, म्हणून. लोक तब्येत विचारतात, या आवाज विचारतात!

मंडळी, भेटवस्तू मी देणार नाहीये. आई दाराशी उभी आहे. तिथून व्यासपीठापर्यंत, पायऱ्यांसकट, ती एकटी येणार आहे. कृपया पंखे जरा बंद करा आणि कुणी टाळ्या वाजवू नका. मला बोलायची संधी दिलीत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमी-जास्त बोललो असेन तर पदरात घ्या.

आई, ये. आणि बाई, तुम्ही कान द्या.