वीतभर वायर

...आणि वर मलाच विचारतात, वायर का कापलीत म्हणून! अहो, बेचाळीस वायरी कापल्या तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि त्यानंतर एकच कापली तर लगेच नोटीस? नाही, बसा, बसा, सगळं सांगतो तुम्हाला, मला काही घाई नाही. पंधरा दिवस घरीच आहे मी. निलंबित.

तर ते सायकल दुरुस्तीचे खांब. गावात सात आहेत. पुलाजवळ एक, वाचनालयासमोर एक, इस्पितळाच्या फाटकाशी एक, असे. हिरवे, पुरुषभर उंच. तुम्ही पाहिले असतील आणि हे काय बसवलंय म्हणून पुढेही गेला असाल. प्रत्येक खांबाला सहा अवजारं, पोलादी वायरीला टांगलेली, शेजारी हवेचा पंप, आणि वर दोन आडवे दांडे. त्या दांड्यांवर सायकल अडकवायची म्हणजे चाकं अधांतरी आणि आपले दोन्ही हात मोकळे. चेन निघाली, ब्रेक ढिला झाला, थांबा, आवळा, जा. फुकट. कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण चांगलं निघालं. देखभालीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या मोटारींशी काढली मी, तिथं मला कोणी थँक्यू म्हटलं नव्हतं. इथं पहिल्याच दिवशी तिघांनी म्हटलं, त्यातल्या एकाने तर दोनदा.

पहिल्या महिन्यात तीन पाने चोरीला गेले. गेले, मान्य आहे, आपल्या लोकांचंही काय सांगावं... एकाने तर नुसती वायर नेली, पाना खाली ठेवून. कपडे वाळत घालायला नेली असणार. मग बसली बैठक. आमचे साहेब, हा माणूस जन्मात कधी सायकलवर बसला असेल असं मला वाटत नाही, ते टेबलावर पेन आपटत म्हणाले, "पाना चोरीला का जातो? कारण तो खांबापासून लांब जाऊ शकतो." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, तेच तर दुखणं आहे. दीड मीटरची वायर वीतभर करायचं ठरलं. वीतभर! आणि वरचे दांडे? "त्यांना मुलं लोंबकळतात. काढून टाका." कोणी काढले? मी. सात खांब, प्रत्येकी सहा वायरी, दोन दिवस उन्हात उभा राहून या हातांनी आखूड केल्या, आणि साहेब म्हणाले, शाब्बास.

आता बघा झालं काय. पाना टांगलाय छातीशी, वीतभर इकडे, वीतभर तिकडे. चाक जमिनीवर. पाना काही सायकलपाशी येत नाही, मग काय करायचं? सायकल पान्यापाशी न्यायची! उचलून! एका हाताने सायकल कडेवर घ्यायची आणि दुसऱ्या हाताने नट आवळायचा, आणि नट आवळायला लागलं की सायकल फिरते, सायकल धरायला गेलं की पाना सुटतो आणि टणकन खांबावर आपटतो. आणि पाटी? पाटी तशीच. 'सायकल वर अडकवा.' शेजारी बाण, आभाळाकडे.

मी गेलो साहेबांकडे. म्हटलं, साहेब, पाना चाकापर्यंत पोचत नाही. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"पाना जागेवर आहे ना?"

"आहे साहेब."

"मग झालं तर."

झालं तर! एक मास्तर होते, पांढरा शर्ट, शाळेची वेळ, त्यांनी सायकल उचलून पोटाशी धरली आणि चेनचं सगळं काळं छापून शाळेत गेले. एक नवरा-बायको आले, बायकोने सायकल धरली, नवऱ्याने आवळलं, मग ती म्हणाली, "तू धर, तुला आवळता येत नाही," तिथंच जुंपली दोघांची, अर्धा तास, सायकल दोघांच्या मध्ये हवेत. मी परत साहेबांकडे. साहेब, लोक यायचे बंद झालेत हो. पुलाजवळच्या खांबावर कोळ्याने जाळं विणलंय, पान्यापासून पंपापर्यंत. तर म्हणतात काय, "पाना जागेवर आहे ना?" आहे, म्हटलं, कोळ्यासकट आहे. "मग! चोरी शून्यावर आली की नाही?" आली ना! दुकान बंद ठेवलं की उधारीही शून्यावर येते, म्हणून काय दुकानदाराने पेढे वाटायचे?

आणि मग त्या मावशी. इस्पितळात झाडलोट करतात, साठीला टेकल्यात, पलीकडच्या वस्तीतून रोज सायकलने येतात. तिथं सात वाजता यंत्रावर अंगठा लावायचा. महिन्यात तीनदा उशीर झाला की काम गेलं, ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आणतो. त्या महिन्यात मावशींचा दोनदा उशीर झाला होता. हे मला कसं ठाऊक? त्यांनीच सांगितलं, सायकल छातीशी धरून, धापा टाकत. मी सकाळच्या फेरीला इस्पितळाच्या खांबापाशी तेलाचा डबा घेऊन पोचलो, तर ही बाई उभी. मागच्या चाकाचा नट ढिला, चाक तिरपं होऊन अडकलेलं, सायकल ढकलताही येईना. जुनी लोखंडी सायकल, वर डब्याची पिशवी, आणि ती उचलून पान्यापर्यंत न्यायचा प्रयत्न चाललाय. सात वाजायला दहा मिनिटं.

"दादा, जरा धरता का?"

मी धरली. दोघांनी उचलली. नट दोन्ही बाजूंना असतो, एक बाजू पान्याला लागली की दुसरी खांबावर आपटते. सायकल उलटी केली, आडवी केली. सात मिनिटं उरली. आणि मावशी रडायला लागल्या, आवाज न करता, नुसतं पाणी. मला स्वतःची लाज वाटली हो. ती वायर आखूड कोणी केली होती? मी माझ्या पिशवीतली तार कापायची कातर काढली आणि कटकन कापली. पाना सुटला, चाक सरळ केलं, दोन्ही नट आवळले, तीन मिनिटं. मावशींनी अंगठा लावला तेव्हा सातला दोन कमी होती. फाटकावरचा पहारेकरी साक्षीला आहे.

आणि समोरून एक जागरूक नागरिक चालले होते. असतातच. त्यांनी फोटो काढून पाठवला कचेरीत, 'तुमचाच कर्मचारी पाना चोरताना.' दुपारी बोलावणं. साहेबांनी फोटो माझ्यापुढे धरला. मी सगळं सांगितलं, मावशी, अंगठा, ठेकेदार, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी, नाही असं नाही. मग विचारलं, "पाना जागेवर आहे का?"

आता काय सांगू... गडबडीत तो माझ्या खिशातच राहिला होता. काढून टेबलावर ठेवला.

पंधरा दिवस.

बरं, मावशींनी माझं नाव इस्पितळभर केलं. तिसऱ्या दिवसापासून सायकली दारात! परिचारिका येतात, स्वयंपाकघरातले येतात, काल तर तो काळ्या छापाचा मास्तरही आला. मी माझी अवजारं ओट्यावर मांडली, पंप ठेवला, म्हटलं, घ्या, वापरा, इथं वायर-बियर काही नाही. चौथ्या दिवशी पंप गेला. घरातून! माझ्या ओट्यावरून! बायको बाजारातून दुसरा पंप घेऊन आली आणि सगळी अवजारं, पंपासकट, सुतळीने खिडकीच्या गजाला बांधून टाकली. मी सुतळी धरून बघितली. वीतभर.

म्हटलं, अगं, ही पुरणार नाही. तर म्हणाली, "गेल्यावर मग माझ्या नावाने ओरडू नका."

आज सकाळी मावशी आल्या, ब्रेक ढिला झाला होता. मी सुतळी सोडायला उठलो, तर म्हणतात, "राहू द्या हो दादा, कशाला सोडता," आणि उचलली की सायकल, घेतली कडेवर, खिडकीशी उभ्या राहिल्या.

"आवळा तुम्ही. मला सवय झालीय आता."

आवळला. काय करणार?