कुंचल्याचं टोक

कल्पिता : ...मग डॉक्टरांनी विचारलं, घरात उंदीर मारायचं औषध, फवारणीचं औषध काही असतं का. मी नाही म्हटलं. आईच्या रिपोर्टमध्ये आर्सेनिक खूप आलंय, बाबा. तिची बोटं त्यानेच बधिर झालीयत.

विश्राम : कळव्याच्या ब्लॉकमध्ये कसली फवारणी?

कल्पिता : रिक्षात बसल्यावर तुमची ती हरताळाच्या पिवळ्या रंगाची पुडी आठवली. मोबाईलवर शोधलं. हरताळात आर्सेनिकच असतं.

विश्राम : लघुचित्रात कृष्णाचा पीतांबर हरताळाचाच करतात. पण तो मी खलतो, चाळीस वर्षं. मला कुठे काय झालंय?

कल्पिता : तुम्ही नाकातोंडाला फडकं बांधून खलता.

विश्राम : गुरुजींनी घालून दिलेली सवय. म्हणायचे, पोटात जाऊ देऊ नकोस.

कल्पिता : आणि कुंचला ओठांत धरून टोक कोण करतं?

विश्राम : टोक?

कल्पिता : बाबा, बोला ना.

विश्राम : गोदा, तुझी आईच. माझे पुढचे दात पडले तेव्हापासून. आधी मी दातांतच चिमटून टोक करायचो, जीभ लागू न देता. खारीच्या केसांचा कुंचला, दातांत चिमटल्याशिवाय नाहीतर ओठांत फिरवल्याशिवाय बारीक रेघ येत नाही. मी नुसता हात मागे करायचो. ती टोक करून परत हातात द्यायची. चित्रावरची नजरही काढावी लागायची नाही.

कल्पिता : किती वर्षं?

विश्राम : बारा.

कल्पिता : तिला एकदा सांगायचं तरी.

विश्राम : सुचलंच नाही. फडकं बांधलं की झालं, एवढंच डोक्यात. आत्ताही काही वाटत नाहीये गं मला. रडूसुद्धा येत नाही.

गोदा : च्या घ्या. कल्पे, ट्रे धर गो. हातातून कवा सुटंल, मला कळत नाय. काय बोलला डॉक्टर?

कल्पिता : बाबा सांगतील.

विश्राम : रंगाने झालंय, गोदा. पिवळ्या. तू टोक करायचीस ना, ते पोटात गेलं.

गोदा : येवढासा रंग? त्याला तं चव पण नसायची.

विश्राम : विषारी असतो तो.

गोदा : तुमाला म्हाईत होतं?

विश्राम : होतं.

(चहावर साय धरते.)

गोदा : त्या किसनाचा पीतांबर आर्धाच राहिलाय.

विश्राम : राहू दे.

गोदा : राहू नका देऊ. दुसरा कुठला पिवला लावा. टोक तेवढं आता तुमचं तुमी करा.